दोन चमचे टॅरॅगॉन, पण कुठला चमचा आणि कुठलं टॅरॅगॉन?

फोंड्याहून वहिनीचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की स्वयंपाकघरात काहीतरी बिनसलंय. रविवारी पाहुणे जेवायला होते म्हणून तिने व्हिडिओ बघून कोंबडीचा क्रीम घातलेला एक फ्रेंच प्रकार केला होता. कृतीत ‘दोन टेबलस्पून टॅरॅगॉन’ सांगितलं होतं. तिने पणजीतल्या एका दुकानातून टॅरॅगॉनची छोटी बाटली आणली, घरातला मोठा चमचा घेतला आणि दोनदा भरून घातला. रस्सा कडवट झाला आणि त्याला वाळलेल्या गवताचा वास आला. पाहुण्यांनी मान राखून खाल्लं, पण पातेलं अर्धं तसंच राहिलं. ‘मला ही परदेशी जेवणं जमायची नाहीत गो,’ ती म्हणाली.

मला ते पटलं नाही. बांगड्याच्या हुमणात तिरफळं किती घालायची आणि किती ठेचायची, हे ही बाई न मोजता सांगते. तिचा हात चुकलेला नव्हता. कृतीतला एक शब्द गळला होता: ‘ताजं’. आणि तिच्या घरचा मोठा चमचा म्हणजे टेबलस्पून, असं तिने धरून चाललं होतं. या दोन गोष्टी नीट समजल्या की टॅरॅगॉनच काय, थाइम, पार्सली, बेसिल, ओरेगॅनो, सगळ्याच पाल्यांचं कोडं सुटतं. हल्ली मोबाइलवर रोज एक नवा पाला दिसतो, दुकानांत बाटल्यांच्या रांगा असतात, आणि घेणाऱ्याला त्यातलं काहीच कोणी समजावत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

## टॅरॅगॉन म्हणजे दवण्याचं चुलत भावंड

टॅरॅगॉनची पानं लांबट, अरुंद आणि गुळगुळीत असतात. फ्रेंच स्वयंपाकात त्याला मोठा मान. अंडी, कोंबडी, मासळी, लोणी आणि व्हिनेगर यांच्याशी त्याचं विशेष जमतं. ‘फीन एर्ब’ नावाचं चार पाल्यांचं जे मिश्रण आहे, त्यात पार्सली, चाइव्ह्ज आणि चर्व्हिल यांच्या जोडीला टॅरॅगॉन असतं. अंड्याचा बलक आणि लोणी घोटून करतात तो बेआर्नेझ सॉस तर याच्यावाचून होत नाही. बडीशेप चावल्यावर येतो तसा गोडसर वास, मागून किंचित मिरमिर, आणि ताजं पान चावलं तर जिभेचं टोक क्षणभर बधिर होतं. फ्रेंच कृतींत ‘एस्त्रागाँ’ असं लिहिलेलं दिसलं तर ते हेच.

त्याचं शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ड्रॅकनक्युलस. यातला पहिला शब्द घराण्याचा, आणि हे घराणं आपल्याला परकं नाही. आपला दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स. चैत्रात जोतिबाला वाहतात तो, वेणीत शेवंतीच्या मधे खोचतात तो. कधी दवण्याची काडी हाती आली तर ती चुरगळून वास घ्या. टॅरॅगॉनचा वास वेगळा आहे, पण दोघं एका घरातले आहेत.

दुसरं उदाहरण मला याहून आवडतं. गजऱ्यातला मरवा आपण पिढ्यान् पिढ्या केसांत माळतो. इंग्रजी पाककृतींत ज्याला ‘मार्जोरम’ म्हणतात तो हाच मरवा. शास्त्रीय नाव ओरिगॅनम मॅजोराना. पिझ्झ्यावर भुरभुरवतात ते ओरेगॅनो म्हणजे ओरिगॅनम व्हल्गेअर, मरव्याचं सख्खं भावंड. फालुद्यातला सब्जा म्हणजे बेसिलचं बी. म्हणजे यातली निम्मी मंडळी आपल्याला नाकाने ओळखीची आहेत. त्यांची गाठ आपल्याशी फुलवालीच्या टोपलीत पडली, चुलीपाशी पडली नाही, एवढाच फरक.

(दवणा टॅरॅगॉनच्या जागी मात्र घालू नका. त्याचा वास अत्तरात शोभतो, जेवणात तो अंगावर येतो.)

## वास पानात राहतो कुठे?

इथे एकच पारिभाषिक शब्द लागतो तो सांगून टाकते: बाष्पशील तेल. म्हणजे सहज हवेत उडून जाणारं तेल. खोबरेल थाळीत ओतून ठेवलं तर आठवड्यानेही तिथेच असतं, अत्तराचा थेंब ठेवला तर उडून जातो. पाल्याचा वास हा असा अत्तराचा थेंब असतो. यापुढे मी त्याला नुसतं उडतं तेल म्हणेन.

पातोळ्या आठवा. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ सारवायचं, चून (गूळ-खोबऱ्याचं सारण) घालायचं, पान दुमडायचं आणि वाफवायचं. पान आपण खात नाही, सोलून टाकतो. तरी हळदीच्या पानाचा वास पातोळीत पुरता उतरलेला असतो. वाफेच्या उष्णतेने पानातलं उडतं तेल सुटलं आणि पिठात शिरलं. उघड्या कढईत तेच पान अर्धा तास शिजवलं असतं, तर वास घरभर झाला असता आणि पातोळीत काही उरलं नसतं.

हे तेल प्रत्येक झाड वेगळ्या ठिकाणी साठवतं. तुळस, पुदिना, बेसिल, मरवा, ओरेगॅनो, थाइम, रोझमेरी ही सगळी एका कुळातली. त्यांच्या पानांच्या पृष्ठभागावर अगदी बारीक कुप्या असतात. म्हणून तुळशीला नुसता हात लागला तरी बोटांना वास येतो. कोथिंबीर, पार्सली, शेपू यांचं कूळ वेगळं. त्यांचा वास पानाच्या आतल्या नळ्यांत असतो, चिरल्यावर सुटतो. कढीपत्ता तर लिंबाच्या कुळातला. पान उजेडासमोर धरलं तर त्यावर बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, त्या तेलाच्याच कुप्या.

टॅरॅगॉनच्या वासाला मुख्यतः कारण असलेल्या घटकाचं नाव एस्ट्रागोल. तो बेसिलच्या काही जातींत असतो आणि थोडा बडीशेपेतही असतो. म्हणूनच टॅरॅगॉनचं पान चावल्यावर आपल्याला पहिली बडीशेप आठवते, आणि ते आठवणं बरोबर आहे.

## ताजं आणि वाळलेलं: सुंगटांचा हिशेब

गोव्यात हे समजावायला मला फार लांब जावं लागत नाही. मे महिन्यात आपण पुरुमेंत भरतो. सुकी सुंगटं (कोळंबी), खारे बांगडे, आमसुलं, सगळं पावसाळ्यासाठी डब्यात जातं. आता सांगा, सुंगटांच्या कढीला वाटीभर ताजी सुंगटं लागतात म्हणून किसमुरीला (सुक्या सुंगटांच्या कोशिंबिरीला) कोणी वाटीभर सुकी घेईल का? मूठभर पुरतात. आणि सुक्या सुंगटांची चव ताज्यासारखी नसते, ती वेगळीच वस्तू असते. म्हणून तर कढी ताज्यांची आणि किसमूर सुक्यांची.

पाल्याचं तंतोतंत असंच आहे. ताज्या पानात वजनाने ८० ते ९० टक्के पाणी असतं. वाळवलं की ते जातं, पान आकसतं, आणि चमच्यात मावणाऱ्या पानांची संख्या वाढते. त्यावरून जगभरचे स्वयंपाकी एक ढोबळ प्रमाण धरतात: ३ ला १. ताजं ३ चमचे लागत असेल तर वाळलेल्या पानांचा चुरा १ चमचा. वस्त्रगाळ पूड असेल तर त्याहूनही कमी, अर्धा चमचा किंवा त्याच्या आत.

वहिनीने याच पायरीवर ठेच खाल्ली होती. कृतीतलं टॅरॅगॉन ताजं होतं, बाटलीतलं वाळलेलं.

पण ३ ला १ हा नियम डोळे मिटून वापरायचा नाही, कारण वाळताना पाण्याबरोबर उडतं तेलही जातं, आणि कोणाचं किती जातं ते पाल्यागणिक वेगळं. उन्हाळी डोंगरउतारांवरची झाडं, म्हणजे ओरेगॅनो, थाइम, रोझमेरी, यांची पानं मुळातच चिवट आणि कमी पाण्याची. ती वाळली तरी वास धरून ठेवतात. वाळलेलं ओरेगॅनो तर पुष्कळांना ताज्यापेक्षा जास्त आवडतं. तमालपत्र आपण वाळलेलंच वापरतो. याउलट कोथिंबीर, पार्सली, चाइव्ह्ज यांसारखा कोवळा पाला वाळला की हिरवा कागद होतो. वाळलेल्या कोथिंबिरीची पाकिटं मिळतात ती विकत घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. पैसे जातात आणि पदरात रंगाशिवाय काही पडत नाही.

टॅरॅगॉन या दोन टोकांच्या मधे आहे, आणि जरा दुसऱ्या टोकाकडेच झुकतं. वाळल्यावर त्यातली बडीशेपेची तरतरी बरीचशी जाते आणि गवती गोडसरपणा पुढे येतो. म्हणून वाळलेलं टॅरॅगॉन कमी पडलंसं वाटलं तरी आणखी एक चमचा घालून वास वाढत नाही, वाढतो तो कडवटपणा. कमी घालावं, त्याला रसात मुरायला वेळ द्यावा.

## चमचा, वाटी, जुडी, काडी

टीस्पून म्हणजे ५ मिलिलिटर, टेबलस्पून म्हणजे १५. तीन टीस्पूनचा एक टेबलस्पून. ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून २० मिलिलिटरचा असतो, तिथली कृती असेल तर हे ध्यानात ठेवायचं. कपाचंही तसंच. अमेरिकन कप साधारण २४० मिलिलिटर, मेट्रिक कप २५०. पाल्याच्या बाबतीत कपातला हा फरक सोडून द्यावा, चमच्यातला मात्र सोडू नये.

आपल्या घरातल्या चमच्यांना असं कुठलंच माप नसतं. पोह्यांचा चमचा, आमटीचा चमचा, डब्यातला चमचा, प्रत्येकाचा खोलगटपणा निराळा. मी वहिनीला एक काम सांगितलं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाचं झाकण असतं, त्यावर ५ आणि १० च्या रेघा असतात. ते स्वच्छ धुऊन घे, घरातला प्रत्येक चमचा पाण्याने काठोकाठ भरून त्यात ओत, आणि किती भरतं ते लिहून ठेव. तिच्या मोठ्या चमच्यात १२ मिलिलिटर पाणी मावलं. म्हणजे तिने दोन चमचे, २४ मिलिलिटर वाळलेलं टॅरॅगॉन घातलं होतं. कृतीत ताजं ३० मिलिलिटर होतं, त्याचं वाळलेलं व्हायला हवं होतं १०. जवळजवळ अडीच पट झालं. मोठा चमचा टेबलस्पूनपेक्षा लहान होता म्हणून थोडक्यात निभावलं, नाहीतर तिप्पट झालं असतं. आकडे समोर आल्यावर तिच्या जिवात जीव आला. पदार्थ का बिघडला ते कळलं, की आपण वाईट स्वयंपाक करतो हा समज जातो.

‘मग वजनावरच मोजू की,’ असं कोणी म्हणेल. भाकरीच्या पिठाला ते ठीक आहे. वाळलेल्या टॅरॅगॉनचा एक टीस्पून जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम भरतो. घरातला वजनकाटा एकेक ग्रॅमने पुढे सरकणारा असतो, त्याला हे दिसतच नाही. ताजी जुडी असेल तर काटा उपयोगी, वाळलेल्या पाल्याला चमचाच बरा.

आणखी एक बारकावा आहे, तो मराठी कृतींतही असतो आणि आपण त्यावरून सहज पुढे जातो. ‘एक वाटी चिरलेली कोथिंबीर’ आणि ‘एक वाटी कोथिंबीर, चिरून’ या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पहिलीत आधी चिरायचं, मग वाटी भरायची. दुसरीत पानं वाटीत भरायची, मग चिरायची. आख्खी पानं वाटीत मोकळी बसतात, चिरलेली दाटून बसतात. पहिल्या वाटीत पाला बराच जास्त मावतो. दाबून भरली तर आणखी.

‘एक स्प्रिग’ म्हणजे एक काडी: पानांसकट, वीतभराहून थोडी कमी. ‘बंच’ म्हणजे जुडी, आणि जुडीला माप नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली श्रावणातली कोथिंबिरीची जुडी आणि मोठ्या दुकानातली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पार्सलीची जुडी यांची तुलना होणार नाही. कृतीत जुडी लिहिली असेल तर निम्म्याने सुरुवात करावी आणि चाखत जावं.

## विकत घेताना काय बघायचं

गोव्यात भाजी मुख्यतः बेळगावकडून घाट उतरून येते. कोथिंबीर, मेथी, पुदिना रोज येतात. ताजं टॅरॅगॉन रोज येत नाही. पर्यटकांच्या पट्ट्यातल्या दुकानांत कधी मिळतं, कधी नाही. मिळालं तर काडी वाकवून बघा. ताजी काडी लवचिक असते, पानं तुकतुकीत हिरवी असतात. पानांच्या कडा काळ्या पडल्या असतील किंवा पाकिटात पाण्याचे थेंब साठले असतील तर सोडून द्या. ओलसर पाला आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी चिकट होतो.

वाळलेलं घेताना बाटली पारदर्शक असेल तर रंग बघावा. करडा-हिरवा चालेल, तपकिरी नको. तारीख बघावी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घटकांची यादी वाचावी. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे वेष्टनावर घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, जे जास्त ते आधी. बाटलीवर ‘ओरेगॅनो’ लिहिलंय की ‘ओरेगॅनो सीझनिंग’, यात मोठा फरक आहे. सीझनिंग म्हणजे मिश्रण. त्यात मीठ, लसूण, मिरची, कधी साखर किंवा स्टार्चही असतो. ते टेबलावर ठेवायला चांगलं, पण कृतीतलं ओरेगॅनो म्हणून चमचाभर घातलं तर पदार्थ खारट होतो आणि दोष ओरेगॅनोला जातो.

मोठी बाटली स्वस्त पडते, हा हिशेब इथे उपयोगाचा नाही. वाळलेला पाला सहा महिने ते वर्षभरात निस्तेज होतो. तो नासत नाही, खाल्ल्याने काही होत नाही, पण वास उडून जातो. महिन्यातून एकदा लागणारी वस्तू लहानात लहान घ्यावी, आणि आणली त्या दिवसाची तारीख चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावावी. जुन्या बाटलीतली चिमूट तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळा. वास आला तर ठेवा, नुसता चुरा झाला तर टाका.

## पावसाळ्यातली सवय

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्या चार महिन्यांत डब्यातलं मीठसुद्धा पाझरतं. वाळलेल्या पाल्याचे दोन शत्रू, उष्णता आणि ओल, दोन्ही चुलीपाशी असतात. शेगडीच्या वरच्या फळीवर मसाल्यांची रांग दिसायला छान दिसते, पण ती जागा चुकीची. अंधारं, कोरडं कपाट बरं.

याहून मोठी चूक आपण रोज करतो. कढईवर बाटली उपडी धरून थेट झटकतो. खालून वाफ येते, बाटलीच्या तोंडात शिरते, आत पानं ओलावतात आणि पंधरा दिवसांत गठ्ठा होतो. पाला आधी तळहातावर घ्यायचा, झाकण लगेच लावायचं, मग चोळून कढईत सोडायचा. चोळल्याने उरलेल्या कुप्या फुटतात, म्हणजे वासही जास्त मिळतो.

ताज्या पाल्याला ओल हवी, पण अंगावर पाणी नको. कोथिंबिरीच्या, पार्सलीच्या काड्या पाण्याच्या पेल्यात उभ्या करून वर सैल पिशवी घालून फ्रिजमध्ये ठेवाव्या. टॅरॅगॉन किंचित ओलसर कापडात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावं. बेसिल मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका. त्याला थंडी सोसत नाही, पानं काळी पडतात. ओट्यावरच पेल्यात ठेवावं. धुवायचं ते वापरायच्या वेळी.

आणि जास्तीचं टॅरॅगॉन वाळवण्यापेक्षा लोण्यात घाला. बारीक चिरून मऊ लोण्यात मिसळायचं, कागदात वळकटी करून बर्फाच्या खान्यात ठेवायचं. सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) गरम उंडे (गोल पाव) आले की त्यावर एक चकती. हे मी स्वतः करते, आणि वाळलेल्या बाटलीपेक्षा मला हे कितीतरी पटींनी खरं टॅरॅगॉन वाटतं.

## कढईत कधी घालायचं?

उडणाऱ्या तेलाला उष्णतेने पळ काढता येतो, पण तेला-तुपात ते विरघळतं आणि तिथे टिकतं. आपली फोडणी याच तत्त्वावर उभी आहे. कढीपत्ता गरम तेलात टाकला की त्याचा वास तेलात जातो आणि तेल तो आमटीभर नेतं. तीच पानं वरून नुसती पाण्यात उकळली तर तसा परिणाम होत नाही.

यातून ठोकताळा निघतो. चिवट पानं (तमालपत्र, रोझमेरी, थाइम) आधी घालावी, त्यांना वेळ लागतो. कोवळी पानं (कोथिंबीर, बेसिल, पार्सली, ताजं टॅरॅगॉन) गॅस बंद करताना. वाळलेला कुठलाही पाला शिजायच्या मधल्या टप्प्यात, दहा-पंधरा मिनिटं आधी, म्हणजे तो पाणी शोषून मऊ होईल आणि दातांत काडीसारखा लागणार नाही. टॅरॅगॉन नेहमी लोणी, साय, अंडी यांच्याबरोबर दिसतं ते उगाच नाही. स्निग्ध पदार्थात त्याचा वास नीट धरला जातो. नारळाच्या दाट रसातही तो धरला जातो. काल्दीनसारख्या सौम्य, पिवळ्या रसात सुंगटं शिजल्यावर शेवटी ताज्या टॅरॅगॉनची पाच-सहा पानं घालून बघा. तिरफळ किंवा जळजळीत मिरची असेल तिथे घालू नका, ते हरवून जाईल.

## कुंडीत लावलं तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि इथेच फसगतही सगळ्यात जास्त होते. टॅरॅगॉन या नावाखाली तीन वेगळी झाडं विकली जातात.

स्वयंपाकातलं खरं ते फ्रेंच टॅरॅगॉन. त्याला रुजणारं बी सहसा धरतच नाही. ते फांदी लावून किंवा मुळं फोडून वाढवावं लागतं. त्यामुळे बियांच्या पाकिटावर टॅरॅगॉन लिहिलेलं असेल तर ते बहुधा रशियन टॅरॅगॉन असतं. ते जोमाने वाढतं, दिसायला तसंच, पण वासाला जवळजवळ कोरं. कुंडी भरून पाला आला आणि जेवणात चव मात्र नाही, असं झालं तर तुमचं काही चुकलेलं नाही, बी वेगळं होतं. रोप घेताना एक पान चावून बघा. जिभेला बडीशेप आणि किंचित बधिरपणा जाणवला तर फ्रेंच, नुसतं गवत लागलं तर रशियन.

फ्रेंच टॅरॅगॉनला हिवाळ्याची खरी थंडी लागते, त्यात ते झोपतं आणि वसंतात पुन्हा उठतं. मुळांशी पाणी साचलेलं त्याला चालत नाही. गोव्यात थंडी नाही आणि जून ते सप्टेंबर मुळं सतत ओली. ते इथे फार काळ तगत नाही.

तिसरं मेक्सिकन टॅरॅगॉन. हे टॅरॅगॉन नव्हेच, हा झेंडूच्या जातीचा एक प्रकार आहे, टॅजेटिस ल्युसिडा. फुलं पिवळी, बारीक झेंडूसारखी. पानांना बडीशेपेचा चांगला दणदणीत वास. याला उष्ण हवा मानवते. पाणी निथळणारी कुंडी आणि पावसात वळचणीची जागा मिळाली तर आपल्या अंगणात हेच लावण्याजोगं आहे. वाळलेल्या बाटलीपेक्षा याचं ताजं पान केव्हाही चांगलं, असं माझं ठाम मत आहे.

## काहीच मिळालं नाही तर?

टॅरॅगॉनच्या जागी: थोडी पार्सली किंवा बेसिल, आणि सोबत बडीशेपेची चिमूटभर ताजी पूड. हुबेहूब होणार नाही, पण काम भागेल. ओरेगॅनो किंवा थाइमच्या जागी आपल्या परसातला पानओवा. त्याच्या पानांत थाइम-ओरेगॅनोसारख्याच वासाची तेलं असतात. पान जाड, रसाळ आणि उग्र. चार माणसांच्या भाजीला दोन पानं पुरतात.

तमालपत्राचा घोटाळा वेगळा. युरोपियन कृतीतलं ‘बे लीफ’ म्हणजे लॉरेलचं पान, त्याला मधोमध एकच शीर असते. आपलं तमालपत्र दालचिनीच्या जातीचं, त्यावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन शिरा. पान हातात घेऊन शिरा मोजल्या की ओळख पटते. वासही निराळा, आपल्या पानाला दालचिनीची झाक.

पुदिना आणि शेपू यांची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्पिअरमिंट पुदिन्याचा आणि बाळंतशेपेचा (शेपूच्या बियांचा) वास ज्यामुळे येतो तो पदार्थ एकच आहे, कार्व्होन. फरक इतकाच की दोन्हींतली रचना डाव्या-उजव्या हातासारखी एकमेकीची आरशातली प्रतिमा आहे. डाव्या हातमोज्यात उजवा हात बसत नाही, तसं आपल्या नाकाला ते दोन पूर्ण वेगळे वास वाटतात. म्हणून पुदिन्याऐवजी शेपू चालत नाही.

## पण हे सगळं हवंय कशाला?

आपल्याकडे पाल्याची काय कमी, असं माझ्या सासूबाई विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. चवथीला माटोळीच्या (गणपतीच्या वर बांधतात त्या फळापानांच्या छताच्या) बाजारात रानातली फळं आणि पानं नावानिशी ओळखून घेणारी माणसं आपण. तायकिळा, अळू, हळदीचं पान, पानओवा, कढीपत्ता, यांच्यापुढे बाटलीतल्या पाल्याची मिजास नको, हे मलाही मान्य. पण मुलं ते पदार्थ बाहेर खातात, घरी मागतात, आणि आपण शंभर रुपये घालून चूक करतो. करायचंच तर कळून करावं.

## सुरक्षित आहे ना?

एस्ट्रागोलचं नाव वाचून काहींना काळजी वाटते, तेव्हा तेही सांगते. उंदरांना मोठ्या मात्रेत दिल्यावर यकृताच्या गाठी झाल्याचं प्रयोगांत दिसलं, आणि २००१ मध्ये युरोपियन संघाच्या अन्नविषयक शास्त्रीय समितीने लोकांच्या आहारातलं त्याचं प्रमाण कमी करावं असं सुचवलं. रश्शात अधूनमधून पडणारी काही पानं आणि अर्काचे थेंब यांत मात्रेचा प्रचंड फरक आहे. टॅरॅगॉनचं सुगंधी तेल पोटात घेऊ नये. काढा करून रोज पिण्याचे सल्ले मोबाइलवर येतात तेही मानू नयेत. गरोदर बाईने औषध म्हणून काही घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारावं.

याहून जवळचा धोका वेगळाच आहे. ताजा पाला किंवा लसूण तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवायची फॅशन आली आहे. तेलाखाली हवा पोचत नाही, आंबटपणा नसतो, आणि तिथे बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. हा विषार जीवघेणा असतो आणि त्याचा वास किंवा रंग दिसेलच असं नाही. असं तेल करायचंच तर थोडं करावं, फ्रिजमध्येच ठेवावं आणि दोन-तीन दिवसांत संपवावं.

व्हिनेगरमध्ये ही भीती नाही, कारण ते आंबट असतं. आणि इथे गोव्याचं नशीब चांगलं, आपल्याकडे माडाच्या सुरेचं व्हिनेगर आहे. धुऊन अगदी कोरड्या केलेल्या टॅरॅगॉनच्या चार काड्या स्वच्छ काचेच्या बाटलीत घालायच्या, वरून पाव लिटर व्हिनेगर ओतायचं, पानं पूर्ण बुडाली पाहिजेत. अंधाऱ्या कपाटात दोन आठवडे ठेवायचं आणि गाळून घ्यायचं. वहिनीने गेल्या शनिवारी अशी बाटली भरली. मेक्सिकन टॅरॅगॉनचं रोप तिला शेजारणीने दिलं होतं, त्याच्याच काड्या. बाटलीवर तारीख लिहिली, खाली ‘४ काड्या, २५० मिली’ असंही लिहिलं, आणि फोटो पाठवून विचारलं, की काकडीच्या कोशिंबिरीला यातलं टीस्पून घालू की टेबलस्पून. मी म्हटलं, टीस्पून, झाकणाने मोजून.